२४० लिटरचं स्पिल किट: खान्देशच्या नाल्या-बंधाऱ्यांवर किती कामाचं?

चाकं लावलेला मोठा प्लास्टिकचा डबा, आत तेल शोषणारे पांढरे पॅड, शोषक माल भरलेले लांबट नळीसारखे सॉक, हातमोजे, गॉगल आणि कचऱ्याच्या जाड पिशव्या. पेट्रोल पंप, तेलगिरणी, ट्रान्सपोर्टचं आवार, नगरपालिकेचं अग्निशमन केंद्र अशा ठिकाणांसाठी हे २४० लिटरचं स्पिल किट विकलं जातं. घ्यावं का? घ्यावं. मात्र सांडलेलं सगळं तेल ते शोषून घेईल या भरवशावर घेतलं, तर पहिल्याच अपघातात निराशा होईल. तेलाला नाल्यात उतरू न देणारं साधन म्हणून ते चांगलं आहे. तापी, गिरणा किंवा पांझरेत तेल पोहोचण्याआधीचा अर्धा-पाऊण तास त्यामुळे हाती लागतो. पक्ष्या-प्राण्यांसाठी मात्र त्यात काहीच नसतं, आणि ही उणीव घेणाऱ्यालाच भरून काढावी लागते.

आधी झाकणावरच्या आकड्याचं पाहू. २४० लिटर ही बऱ्याचदा डब्याची मापं असतात, शोषण्याची क्षमता नव्हे. तपासायची पद्धत सोपी आहे. पॅड, सॉक, उशा असा सगळा शोषक माल काट्यावर ठेवा. पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचे पॅड साधारणपणे स्वतःच्या वजनाच्या दहा ते पंधरा पट तेल धरतात. २४० लिटर डिझेलचं वजन जवळपास २०० किलो, म्हणजे शोषक माल १४ ते २० किलो हवा. तो ८-९ किलो भरला, तर झाकणावरचा आकडा विसरा आणि शंभर-सव्वाशे लिटरचाच हिशेब धरा. दोन पुरवठादारांच्या दरांची तुलनाही नगावर नको, किलोवर करा. शंभर पातळ पॅड आणि शंभर जाड पॅड यांत दुपटीचा फरक पडतो.

दुसरी तपासणी रंगाची. पांढरे पॅड फक्त तेल पितात आणि पाण्यावर तरंगतात. करडे पॅड तेल आणि पाणी दोन्ही पितात. ते कारखान्याच्या फरशीवर ठीक, पण नाल्यात टाकले की पाण्यानं फुगून बसतात आणि तेल बाजूनं निघून जातं. पिवळे पॅड रसायनांसाठी असतात. खान्देशात नदी-नाल्यासाठी घेताना पांढरेच हवेत. बादलीभर पाण्यात एक पॅड पंधरा मिनिटं ठेवा. वर तरंगत राहिला आणि उचलल्यावर पाणी गळलं नाही, तर माल खरा.

आता खरा प्रश्न. सुरत-नागपूर आणि मुंबई-आग्रा या दोन्ही महामार्गांवर धावणाऱ्या टँकरमध्ये १२ हजार ते २४ हजार लिटर माल असतो. तो कप्प्यांत विभागलेला असतो, तरी एक कप्पा फुटला की चार-पाच हजार लिटर बाहेर येतं. त्यापुढे शंभर पॅड म्हणजे काहीच नाही. म्हणून किट उघडल्यावर पहिला पॅड डबक्यात टाकायचा नाही. पहिलं काम खालच्या बाजूला. रस्त्याकडेच्या चरीतून तेल ज्या मोरीकडे चाललंय ती मोरी शोधा, तिच्या तोंडाशी माती भरलेल्या गोण्या आणि सॉक लावा, मग तिच्या खालची मोरी किंवा फरशी पुलाच्या नळ्या अडवा, आणि त्यानंतरच वर सांडलेल्या तेलाकडे या. माणसाची सहजप्रवृत्ती नेमकी उलटी असते. दिसणाऱ्या डबक्यावर सगळे पॅड संपतात आणि तोवर तेल पुलाखालून पुढे गेलेलं असतं.

त्याआधी टँकरवरची माहितीपाटी लांबूनच वाचा. १२०२ म्हणजे डिझेल, १२०३ म्हणजे पेट्रोल. १२०३ दिसलं तर किटला हातही लावू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती चरीत साचते आणि लांबच्या ठिणगीनंही पेटते. वाऱ्याच्या वरच्या बाजूला मागे सरा, वाहनं बंद करा, कॅन घेऊन धावणाऱ्या माणसांना रोखा आणि फेस असलेला बंब येऊ द्या. डिझेललाही आपल्याकडे निर्धास्तपणे घेता येत नाही. भारतीय मानकात डिझेलचा ज्वलनांक, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीनं पेटू शकते तो अंश, किमान ३५ अंश सेल्सिअस एवढाच मागितला आहे, आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळला नुसती हवाच ४४-४५ अंशांवर जाते, डांबर त्याहून किती तरी गरम. हिवाळ्यात डिझेलजवळ जी बेफिकिरी चालून जाते, ती उन्हाळ्यात जिवावर बेतू शकते. किटच्या सूचनापत्रावर हे सहसा नसतं. हे लिहिलेला कागद स्वतःच झाकणाच्या आतून चिकटवा.

वाहत्या नाल्यात सॉक आडवा टाकून भागत नाही. तिथे तळातून पाणी सोडणारा मातीचा बांध घालावा लागतो, आणि त्याचं सगळं सामान गावात मिळतं. रिकाम्या खताच्या गोण्या मातीनं भरून आडवा बांध रचा, वरच्या अंगाला शेततळ्याचा कागद लावा आणि बांधातून सहा-आठ इंची पाइप तिरपा घाला. पाइपचं वरच्या अंगाचं तोंड तळाशी आणि खालच्या अंगाचं तोंड उंच हवं. पाणी तळातून निघून जातं, तेल वर अडकून साचतं आणि तिथे पांढरे पॅड कामाला येतात. चूक होते ती दोन ठिकाणी. पाइप कमी पडला तर पाणी बांधावरून वाहून तेल घेऊन जातं. खालचं तोंड पुरेसं उंच नसलं तर मागची पातळी उतरते आणि तेलच पाइपात शिरतं. पाइपचं वरचं तोंड सतत हातभर पाण्याखाली राहतंय ना, याकडे एका माणसानं बसून लक्ष ठेवायचं.

नदीत बूम, म्हणजे तेल अडवणारा तरंगता अडसर, टाकताना प्रवाह मोजणं टाळू नका. काठावर दहा मीटर अंतर आखा, काडी टाका, सेकंद मोजा. तीस सेकंद लागले तर बूम आडवा टाकला तरी तेल धरेल. प्रवाह सेकंदाला साधारण ३५ सेंटिमीटरच्या पुढे गेला की तेल बूमखालून निसटू लागतं. मग बूम तिरपा लावून तेल काठाकडे, संथ पाण्याकडे वळवावं लागतं. दहा मीटरला वीस सेकंद लागले तर प्रवाहाच्या दिशेशी ४५ अंशांचा कोन, दहा सेकंद लागले तर फक्त २० अंशांचा, म्हणजे बूम जवळजवळ काठाला समांतर. किटमधले सॉक एवढ्या पाण्यात टिकत नाहीत. नदीचं काम घाघरा, म्हणजे पाण्याखाली लोंबणारा पडदा असलेल्या बूमचं, आणि तो या डब्यात नसतो. पावसाळ्यातल्या तापीत तर काठावरून केलेल्या कोणत्याच घरगुती उपायावर विसंबू नये.

कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांवर एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. पावसाळा सरल्यावर फळ्या बसवून पाणी अडवलेलं असतं. तेल आलं की कुणी तरी घाबरून वरच्या फळ्या काढायला जातं, आणि वर तरंगणारं सगळं तेल खालच्या गावांकडे सुटतं. वरच्या फळ्या जागच्या जागी ठेवायच्या. पाणी सोडणं भागच असेल तर ते तळातून. पांझरेवरच्या फडांच्या, म्हणजे गावाच्या सामायिक पाटपाण्याच्या बंधाऱ्यांवर तर पाटाचं तोंड आधी बंद करायचं, कारण तेल पाटात शिरलं की ते थेट फडातल्या पिकावर जातं. म्हणून पाटकऱ्याचा नंबर किटच्या कागदावर हवा.

किट संपल्यावर काय? इथे खान्देशचं स्वतःचं उत्तर आहे, आणि ते पॉलिप्रॉपिलीनपेक्षा सरस ठरू शकतं. सरकी काढलेल्या कच्च्या रुईच्या तंतूवर नैसर्गिक मेण असतं, त्यामुळे ती तेल ओढते आणि पाणी बराच वेळ नाकारते. टेक्सास टेक विद्यापीठातल्या संशोधकांना २०१४ साली दिसलं, की एक किलो अपक्व रुई तीस किलोहून जास्त कच्चं तेल धरते, आणि पक्व रुईपेक्षा ही कमी मायक्रोनेअरची (मायक्रोनेअर म्हणजे तंतूची जाडी आणि पक्वता दाखवणारं माप) रुई सरस ठरते. म्हणजे बाजारात भाव न मिळणारा फरदडीचा कवडी कापूस या कामाला उत्तम. डिझेल पातळ असल्यानं उचलताना थोडं निथळतं, एवढं गृहीत धरा. जिनिंगमधून कवडीची रुई घ्या, कांद्याच्या जाळीच्या गोण्यांत सैल भरा आणि गोण्या दोरीनं एकमेकींना बांधा. झाला बूम. दाबून भरली तर आतली रुई कोरडीच राहते. औषधाच्या दुकानातला कापूस मात्र वापरू नका. धुऊन त्याचं मेण काढलेलं असतं, तो पाणीच पितो आणि बुडतो. लाकडाच्या भुशाचंही तेच होतं. तो रस्त्यावर चालेल, पाण्यात नाही.

रुईचा धोका आगीचा. सोयाबीन, सूर्यफूल, सरकी यांच्या तेलानं भिजलेली रुई ढिगात पडली तर आतल्या आत तापून आपोआप पेटू शकते. भिजलेल्या गोण्या झाकणाच्या लोखंडी पिंपात, इमारतीपासून दूर. आणि खाद्यतेलाचा टँकर उलटला तर 'खाण्याचंच तेल आहे' म्हणून ते नाल्यात सोडू नये. पक्ष्याच्या पिसांना खाद्यतेल डिझेलइतकंच घातक आहे आणि पाण्यातला प्राणवायू ते संपवतं.

साबणाची पावडर किंवा भांड्यांचं लिक्विड शिंपडून रस्ता धुऊन काढणं ही सगळ्यात जास्त नुकसान करणारी पद्धत आहे. त्यानं तेल नाहीसं होत नाही. त्याचे बारीक थेंब होऊन ते पाण्यात मिसळतं, माशांच्या कल्ल्यांना बाधतं आणि मग कोणत्याच पॅडला सापडत नाही. रस्त्यावर वाळू टाका, झाडून गोळा करा.

आता सरकारी यंत्रणेत हे किट कुठे बसतं ते. समुद्रातल्या तेलगळतीसाठी देशाचा आराखडा १९९६ पासून आहे आणि तटरक्षक दल त्याचं मुख्य आहे. त्यात ७०० टनांपर्यंतची गळती पहिल्या पातळीवर, १० हजार टनांपर्यंतची दुसऱ्या आणि त्यापुढची तिसऱ्या पातळीवर धरतात. आपल्या टँकरमधले वीस टन त्या मापात कुठेच नाहीत, आणि तटरक्षक दल तापीवर येणार नाही. इथे जबाबदारी २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा प्राधिकरणाची, आणि तालुक्यात प्रत्यक्ष सूत्रं तहसीलदारांकडे. तेल कंपन्यांवर पेट्रोलियम नियामक मंडळाच्या २०१० च्या नियमांनी आपत्कालीन आराखडा बंधनकारक आहे, आणि टँकरची वाहतूकही त्यात येते. माहितीपाटीवरचा आपत्कालीन नंबर त्यासाठीच असतो.

फोनचा क्रम असा ठेवा. ११२ वर पोलीस आणि बंब. लगेच पाटीवरचा कंपनीचा नंबर, कारण उरलेला माल दुसऱ्या टँकरमध्ये ओढून घेण्याचा पंप आणि प्रशिक्षित माणसं त्यांच्याकडे असतात. मग तहसीलदार. त्यानंतर खालच्या बाजूच्या पाणीपुरवठ्याचं पंपघर. भुसावळ तापीचं पाणी पितं, जळगाव वाघूर धरणाचं. ज्या नाल्यावर अपघात झाला तो कोणत्या उपशाच्या वर येतो हे आधीच नकाशावर पाहून ठेवलेलं असलं पाहिजे. बॅरेज किंवा धरण जवळ असेल तर तापी पाटबंधारे विकास महामंडळ. प्रकाशा बॅरेजच्या खाली पाणी उकाईच्या जलाशयात जातं, म्हणजे नंदुरबारकडच्या गळतीची खबर गुजरातलाही द्यावी लागते, आणि ती जिल्हाधिकारी कार्यालयातूनच गेली पाहिजे. प्रदूषण नियंत्रण मंडळाला नमुन्यांसाठी कळवा. त्यांचं पथक येईपर्यंत स्वच्छ काचेच्या बाटलीत गळतीच्या वरचं आणि खालचं पाणी, वेळ लिहून, सावलीत ठेवलेलं फार उपयोगी पडतं.

आणि वनविभागाची हेल्पलाइन १९२६. हा फोन सगळ्यात शेवटी, मेलेला पक्षी दिसल्यावर केला जातो, आणि तेव्हा फार उशीर झालेला असतो. तो पहिल्या अर्ध्या तासातच व्हायला हवा. कॅलिफोर्नियात वन्यजीव शाखा गळतीच्या मूळ आदेशसाखळीतच असते. १९८९ मध्ये अलास्कात एक्झॉन वाल्डेझ जहाजाचं तेल सांडल्यावर कॅलिफोर्नियात कायदे बदलले आणि पक्ष्यांच्या उपचाराचं प्रशिक्षित जाळं आधीपासून उभं राहिलं. तिथल्या कामाच्या तीन पायऱ्या आपल्यालाही लागू पडतात: तेल पक्ष्यांपर्यंत जाऊ न देणं, पक्ष्यांना तेलापर्यंत येऊ न देणं, आणि ही दोन्ही फसली तरच पकडून उपचार. पहिल्या दोन पायऱ्यांना पैसा कमी लागतो आणि जीव जास्त वाचतात.

दुसऱ्या पायरीसाठी खान्देशातल्या शेतकऱ्याला काही शिकवावं लागत नाही. ज्वारी-बाजरीवरची पाखरं उडवायला जे वापरतो तेच: डबे वाजवणं, चमकी पट्ट्या, बुजगावणी. फक्त वनकर्मचाऱ्याच्या देखरेखीखाली आणि तेल असलेल्या पट्ट्यापुरतंच. पक्ष्यांना उडवून स्वच्छ पाण्याकडे वळवायचं आहे. दुसऱ्या काठावरही माणसं उभी केली तर ते घिरट्या घालून पुन्हा तेलातच उतरतात. एकदा तेल लागलेल्या थव्याला मात्र उडवू नका, तो ते तेल घेऊन स्वच्छ पाण्यावर जातो. हतनूर धरणासारख्या ठिकाणी हे नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात महत्त्वाचं. चांदवा, लालसरी, टिबुकली, पाणकावळा हे बुडी मारणारे पक्षी दर बुडीला तेलाच्या थरातून वर येतात, त्यामुळे तेच आधी बळी पडतात.

किटमध्ये आपण घालायच्या गोष्टी: पुठ्ठ्याची चार-पाच खोकी, बोटाएवढी भोकं पाडलेली, जुने टॉवेल, मऊ जाळी, जादा नायट्राइल हातमोजे, मार्कर आणि चिकटपट्टी. एवढंच. शॅम्पू, रॉकेल, पीठ, हळद यांतलं काहीही नाही.

कारण जागेवर धुणं हीच पक्ष्याला मारणारी चूक आहे. तेलानं पिसांची घट्ट वीण मोडते, पाणी कातडीपर्यंत जातं आणि तो गारठतो. चोचीनं पिसं साफ करताना तेल पोटात जातं. अशा थकलेल्या पक्ष्याला धुण्याचा ताण सोसत नाही. आधी ऊब, शांतता आणि डॉक्टरांकडून क्षारयुक्त द्रव, आणि साधारण एक-दोन दिवसांनी तब्येत सावरली तरच धुणं. तेही ४० ते ४१ अंशांच्या पाण्यात, एक-दोन टक्के भांड्यांचं लिक्विड घालून, टबामागून टब बदलत, पाणी स्वच्छ निघेपर्यंत. मग तितक्याच गरम पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं साबणाचा अंश काढायचा, पिसांवरून पाण्याचे मणी घरंगळेपर्यंत. एका मोठ्या पक्ष्याला शेकडो लिटर पाणी लागतं, आणि ते मऊ हवं. आपल्याकडे बोअरचं पाणी जड. त्यातले क्षार साबणाशी मिळून पिसांत बसतात आणि धुतलेला पक्षीही पुन्हा भिजतो. म्हणून पाणी मऊ करणारं यंत्र नसेल तिथे धुण्याचं नावच काढू नये.

पकडताना काठावरच्या माणसानं एवढंच करायचं: गॉगल लावून, मागून टॉवेल टाकून, पंख अंगाला मिटलेले धरून खोक्यात ठेवायचं. बगळा किंवा करकोचा असेल तर चोच सतत आपल्या डोळ्यांपासून दूर. ती थेट डोळ्यावर मारतात. पाणकावळ्याची चोच कधीच बांधायची नाही. त्याला बाहेर उघड्या नाकपुड्या नसतात, तो तोंडानंच श्वास घेतो. एका खोक्यात एक पक्षी. झाकणावर वेळ, जागा आणि पकडताना कुठे होता ते लिहा. तोंडात पाणी ओतू नका, श्वासनलिकेत जातं. हिवाळ्यात रात्री कापडात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली खोक्याच्या एका टोकाला ठेवा, म्हणजे नको वाटलं तर पक्षी दूर सरकू शकेल. मे महिन्यात बाटली नको, सावली आणि वारा हवा. चोच उघडी टाकून धापा टाकत असेल तर तो गारठलेला नाही, तापलेला आहे. अंगाला तेल असूनही नीट उडणाऱ्या पक्ष्यामागे धावू नका. डिसेंबर २०२३ मध्ये चेन्नईजवळ एन्नोरच्या खाडीत तेल लागलेल्या पेलिकनांबाबत हीच अडचण होती: उडता येतं तोवर ते हाती लागत नाहीत.

पक्षी घरी ठेवायचा नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात असा प्राणी सरकारी मालमत्ता ठरतो आणि ४८ तासांत कळवणं बंधनकारक आहे. खरं तर तासाभरात सोपवा. जळगाव, यावल, धुळे, नंदुरबार आणि तळोद्याचा मेवासी असे वनविभाग वेगवेगळे आहेत. आपला विभाग आणि परिक्षेत्र कोणतं, तेही कागदावर आधीच लिहा. गुरांनी तेलकट पाणी प्यायलं असेल तर नंबर वेगळा, १९६२. डॉक्टर येईपर्यंत नळीनं काही पाजू नका.

आता डब्याच्या बांधणीकडे. गाडीतून उतरवून डांबरावर ढकलायला चाकं छान. काळ्या मातीत, पावसात, ती पहिल्या पाच पावलांत रुततात. म्हणून सगळा माल एकाच डब्यात न ठेवता सॉक आणि तीस-चाळीस पॅड दोन पाठपिशव्यांत वेगळे भरा. डबा उन्हात ठेवू नका, पॉलिप्रॉपिलीन उन्हानं ठिसूळ होऊन चुरा पडतो. सोबत दिलेल्या पिशव्या पातळ असतील तर बदला. भिजलेला पॅड जड असतो आणि पिशवी फाटली की सगळं पुन्हा जमिनीवर. हातमोजे लॅटेक्सचे निघाले तर तेही बदला, तेलानं ते विरघळल्यासारखे होतात.

वापरलेले पॅड आणि रुई हा २०१६ च्या नियमांनुसार घातक कचरा आहे. जाळू नका, भंगारात देऊ नका, गावच्या उकिरड्यावर तर नाहीच. राज्यातली सामायिक विल्हेवाट केंद्रं तळोजा, महापे, रांजणगाव आणि बुटीबोरीला आहेत, म्हणजे खान्देशातून लांब. वाहतुकीचा खर्च मोठा पडतो, आणि तो माल सांडणाऱ्यानं द्यायचा असतो. म्हणून पंचनाम्यात किती पॅड, किती सॉक, किती गोण्या वापरल्या आणि किती किलो कचरा निघाला हे तलाठ्यांकडून त्याच दिवशी लिहून घ्या. ते लिहिलं नाही तर किट पुन्हा भरण्याचे पैसे कुणाकडेच मागता येत नाहीत आणि पुढच्या अपघाताला डबा रिकामाच उघडतो. घेतानाच पुरवठादाराला विचारा, सुटे पॅड आणि सॉक किलोच्या दरानं देणार का. पूर्ण किटच पुन्हा घ्यावं लागेल असं म्हणत असेल तर दुसरा पुरवठादार पाहा.